दगडाचा पत्ता सांभाळा

तांब्याच्या बारीक तारेत गुंडाळलेला ओबडधोबड दगड गळ्यात घालण्याची आवड आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनांत, पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात अकीक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, पांढरा स्टिल्बाइट यांच्या जोडीला आता अ‍ॅमोनाइटचे वेटोळे, दगड झालेल्या लाकडाचे काप, ट्रायलोबाइट, इतकेच काय, डायनासोरच्या हाडाचे आणि विष्ठेचे म्हणून सांगितलेले तुकडेही विकले जातात. या छंदाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. दगड ज्याला सापडला त्याचा, त्यात कोणी पडू नये, असे एक मत. निसर्गाच्या ठेव्याला सामान्य माणसाने हातच लावू नये, हे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. दगड उचलण्यात, जमवण्यात, तारेत बांधून मिरवण्यात काही गैर नाही. नुकसान होते ते तो दगड कुठे मिळाला ही माहिती वाटेत गळून पडते तेव्हा. शोभेच्या दगडाच्या बाबतीत हे नुकसान लहान असते, जीवाश्माच्या बाबतीत ते कधीही भरून निघत नाही. म्हणून कायदा करणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि हौसेने जमवणाऱ्यांनी दगडाआधी त्याच्या पत्त्याची काळजी घ्यावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

आधी तारकामाचे श्रेय तारकामाला दिले पाहिजे. दागिन्यात दगड बसवायच्या बहुतेक रीतींत दगडाला काहीतरी सोसावे लागते. मणी करायचा तर भोक पाडावे लागते, कोंदणात बसवायचा तर घासून मापात आणावा लागतो, वर कडी चिकटवायची तर इपॉक्सी लागते. तारेच्या बांधणीत यातले काहीच करावे लागत नाही. साधारण २० गेजच्या तारेची चौकट दगडाच्या अंगाने वळवायची, २८ गेजच्या बारीक तारेचे वेढे देऊन ती जागोजाग आवळायची आणि वरच्या टोकांची कडी करायची. तांबे तापवले की मऊ होते, आणि वळवता-ठोकता पुन्हा कडक होत जाते. या गुणामुळेच बोटांनी वळलेली तार दगडाला घट्ट धरून राहते. आणि उद्या कोणाला तो दगड अभ्यासासाठी हवा झाला, तर वेढे सोडायचे. दगड होता तसा हातात येतो. म्हणजे जीवाश्म अंगावर घालायचाच असेल, तर त्याची सगळ्यात कमी हानी करणारी रीत हीच आहे. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. चकाकी यावी म्हणून दगडावर वॉर्निश किंवा राळ चढवू नये. पृष्ठभागावरचे बारीक तपशील त्याखाली बुजतात. आणि सोनेरी पायराइटचा अ‍ॅमोनाइट कोकणाच्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत अंगावर वागवू नये. ओलाव्याने पायराइटचे ऑक्सिडेशन होऊन आम्ल तयार होते आणि तो आतून भुसभुशीत होत जातो. तांबे आणि रंगीत दगड ही जोडी आपल्या मातीत नवीही नाही. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत कार्नेलियनचे आणि तांब्याचे असे दोन्ही मणी सापडले आहेत.

महाराष्ट्रात या छंदाला कच्चा माल कुठून येतो, हे पाहिले की शोभेच्या दगडांबद्दल फार कडक होण्याचे कारण उरत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर साचले. आज शिल्लक राहिलेला त्यांचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून झिरपलेल्या पाण्याने अकीक, क्वार्ट्झ, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक घडवले. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या दगडखाणींत आणि विहिरींच्या खोदकामात हे स्फटिक निघतात, आणि जगभरच्या संग्रहालयांत ते मानाने मांडलेले असतात. वाघोलीच्या खाणींतले गडद निळे कॅव्हन्साइट तर खनिजप्रेमींच्या जगात पुण्याची ओळख होऊन बसले आहे. पण या खाणी स्फटिकांसाठी चालत नाहीत, त्या खडीसाठी चालतात. सुरुंगाने फुटलेल्या पोकळीतला स्फटिक कामगाराने बाजूला काढून ठेवला नाही, तर तो क्रशरमध्ये जाऊन रस्त्याखाली गडप होतो. इथे जमवणारा माणूस ठेवा लुटत नसतो, वाचवत असतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे पाहायला मिळते, त्यातले बरेचसे अशाच रीतीने क्रशरच्या वाटेवरून परत आलेले आहे. अकीकाचा एक खडा कोणाच्या गळ्यात गेला, म्हणून दख्खनबद्दलच्या ज्ञानात फारशी तूट येत नाही. तसेच खडे पुढच्या पोकळीत आहेत, पुढच्या खाणीत आहेत. तरीसुद्धा खनिजांच्या जाणत्या बाजारात गावाच्या नावाची चिठ्ठी असलेला स्फटिक आणि नसलेला स्फटिक यांचे मोल वेगळे ठरते. पत्त्याची किंमत बाजाराला कळत नाही असे नाही. ती फक्त दागिन्याच्या बाजारापर्यंत पोहोचलेली नाही.

जीवाश्माचे गणित याहून निराळे का, हे समजायला चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातले पिजदुरा पुरेसे आहे. या गावाच्या परिसरात लॅमेटा नावाने ओळखले जाणारे थर उघडे पडले आहेत. डायनासोरांच्या शेवटच्या काळातला हा गाळ. त्यात डायनासोरांची हाडे मिळतात, कासवे मिळतात, आणि भरपूर संख्येने मिळतात ते कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रदेशातले जीवाश्म गोळा केले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १९३९ मध्ये मॅटली या भूशास्त्रज्ञाने पिजदुऱ्याच्या कोप्रोलाइटवर लेख लिहिला. त्यानंतरही कित्येक दशके हे करडे गोळे कुतूहलाची वस्तू म्हणूनच राहिले. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या आत काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गवताच्या पेशींत सिलिकाचे विशिष्ट आकाराचे सूक्ष्म कण तयार होतात आणि गवत कुजून गेले तरी ते टिकतात. तसे कण त्यांना सापडले, आणि तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनासोर होते तेव्हा गवत नव्हते, ते पुष्कळ नंतर आले, अशी तोवरची समजूत होती. 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या या शोधाने ती मोडली. गहू, भात, ज्वारी, ऊस ही सगळी ज्या कुळातली, त्या गवताच्या कुळाचा इतिहास मागे सरकला, आणि तो सरकवला विदर्भातल्या शेतात पडलेल्या गोळ्यांनी.

आता हाच गोळा घासून, चकचकीत करून, तारेत बांधून 'डायनासोरची विष्ठा' एवढ्याच लेबलाने कुठल्याशा शहरात विकला गेला असता तर? सिलिकाचे कण त्यातही असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलेही असते. पण हा गोळा लॅमेटा थरातला, पिजदुऱ्याचा, डायनासोरांच्या हाडांशेजारचा, हे कोणालाच सांगता आले नसते, आणि मग त्या कणांवरून गवताच्या वयाबद्दल एक अक्षरही लिहिता आले नसते. सातबाऱ्यावाचून जमिनीचा व्यवहार जसा कोणी करत नाही, तसा पत्त्यावाचून जीवाश्मावर निष्कर्ष काढता येत नाही. जीवाश्माचे वय बहुतेक वेळा जीवाश्मात नसते. ते तो ज्या थरात होता त्या थरात, त्याच्या वरच्या-खालच्या थरांत असते. तो कोणाशेजारी होता, उताणा होता की पालथा, एकटा होता की कळपात, ही सगळी माहिती जागेत असते. धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात संशोधकांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली, त्यांचा अभ्यास २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. घरटी एकमेकांच्या किती जवळ आहेत हे मोजल्यामुळेच हे प्राणी वसाहत करून अंडी घालत असावेत आणि एवढ्या दाटीत मोठ्या प्राण्याला अंड्यांवर बसायला वाव नसावा, असा अंदाज मांडता आला. त्यातले एकेक अंडे आधीच कोणी उचलून नेले असते, तर २५६ गोल दगड उरले असते आणि घरटे एकही उरले नसते.

गेलेला पत्ता नंतर पश्चात्तापानेही परत येत नाही, याचा पुरावा अमेरिकेत ढिगाने रचून ठेवलेला आहे. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे दगड झालेले वृक्ष आहेत. तिथून तुकडा नेणे गुन्हा आहे, तरी लोक नेतात, आणि त्यांतले पुष्कळजण काही वर्षांनी माफीच्या पत्रासह तो टपालाने परत पाठवतात. उद्यानाला ते तुकडे मूळ जागी ठेवता येत नाहीत, कारण मूळ जागा कोणती हे ठाऊक नसते. चुकीच्या जागी ठेवावेत तर पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होईल. म्हणून परत आलेले तुकडे रस्त्याकडेच्या एका ढिगात टाकले जातात. वस्तू पूर्ण आहे, तिला ओरखडाही नाही, परत करणाऱ्याची भावना खरी आहे, आणि तरीही विज्ञानाच्या दृष्टीने ती कायमची गेली आहे. जीवाश्माची चोरी म्हणजे नेमकी कशाची चोरी, हे या ढिगाइतके स्पष्ट मला दुसऱ्या कशानेच दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, बाजारातले बहुतेक जीवाश्म इतके सामान्य असतात की, त्यांच्या पत्त्याने कोणाचे काही अडत नाही. मादागास्करचे कापून घासलेले अ‍ॅमोनाइट आणि मोरोक्कोचे काळे ऑर्थोसेरस टनांनी विकले जातात. त्यांतला एक तारेत बांधला तर काय बिघडले? आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. असा दगड विकत घेणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. घेताना तो राळ ओतून बनवलेला नाही ना, एवढे मात्र पाहावे, कारण मोरोक्कोच्या ट्रायलोबाइटच्या नावाने बनावट माल पुष्कळ खपतो. पण सामान्य म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार आजच्या नजरेकडे द्यायला मी तयार नाही. पिजदुऱ्याचे कोप्रोलाइट हिस्लॉपच्या काळापासून सामान्यच होते. मुबलक होते, म्हणून कोणी त्यांना दुर्मीळ मानले नाही. ज्या प्रश्नासाठी ते अनमोल ठरले, तो प्रश्न विचारायची साधनेच तेव्हा नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांत कोणती तंत्रे येतील आणि आज कवडीमोलाने विकला जाणारा कुठला तुकडा त्यांना हवा होईल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. चिठ्ठीवर गावाचे नाव लिहायला मात्र काहीच खर्च येत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. पत्ता एवढा महत्त्वाचा, तर सामान्य माणसाला जीवाश्म उचलूच देऊ नयेत, सगळे तज्ज्ञांवर सोपवावे. ऐकायला हे जबाबदारीचे वाटते. पण जीवाश्मशास्त्राचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. इंग्लंडच्या लाइम रीजिस गावात कड्याखाली सापडलेले शंख आणि हाडे विकून पोट भरणारी मेरी अ‍ॅनिंग कुठल्याही विद्यापीठात शिकलेली नव्हती. १८२३ मध्ये प्लेसिओसॉरचा जवळपास पूर्ण सांगाडा तिनेच शोधला. भारतातली डायनासोरची पहिली हाडे १८२८ मध्ये जबलपूरजवळ सापडली, ती ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याला. हिस्लॉप धर्मप्रसारक होते. आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये जी ब्राँझची अप्रतिम शिल्पे मिळाली, तीही झाडाचे मूळ खणणाऱ्या गावकऱ्याला. जमीन रोज पाहणारे, नांगरणारे, फोडणारे डोळे असतात लाखो, आणि भूशास्त्रज्ञ असतात मूठभर. बंदी आली की हे लाखो डोळे जमिनीवरून हटत नाहीत, ते फक्त बोलायचे थांबतात.

मोरोक्कोतली एक हकिकत या बाबतीत फार शिकवून जाते. स्पायनोसॉरस हा पाठीवर शिडासारखी रचना असलेला प्रचंड मांसाहारी डायनासोर. १९१५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधल्या हाडांवरून त्याचे वर्णन केले, आणि १९४४ मध्ये म्युनिकवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ती हाडे संग्रहालयासह नष्ट झाली. पुढे २००८ मध्ये निझार इब्राहिम या तरुण संशोधकाला मोरोक्कोतल्या एर्फूद गावात एका खणणाऱ्या माणसाने काही हाडे दाखवली. नंतर इटलीतल्या मिलानच्या संग्रहालयात त्याला तशाच घडणीची हाडे दिसली. तीही बाजारातून फिरत फिरत तिथे पोहोचली होती. दोन्ही एकाच सांगाड्याची असावीत असा संशय आला, पण जागा कोणती? ती एकाच माणसाला माहीत होती, आणि त्याचे नावही संशोधकाला ठाऊक नव्हते. लक्षात होत्या त्या त्याच्या मिशा. २०१३ मध्ये त्याच गावात तो माणूस पुन्हा भेटला, त्याने जागा दाखवली, आणि २०१४ मध्ये नव्या सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. जागा हाती आल्यामुळे खोदकाम पुढे चालू राहिले, आणि तिथूनच या प्राण्याची वल्ह्यासारखी रुंद शेपटी निघाली. तिचे वर्णन २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आले आणि हा डायनासोर पाण्यात कसा वावरत असेल यावरची चर्चा नव्याने सुरू झाली. हाडे बाजारात गेली म्हणून हा शोध लागला नाही, आणि हाडे कोणी खणलीच नसती तरीही लागला नसता. तो लागला, कारण खणणाऱ्याला जागा आठवत होती आणि त्याने ती विश्वासाने दाखवली. एवढा मोठा शोध एका माणसाच्या भेटीवर अवलंबून राहावा, ही व्यवस्थेची उणीव आहे. ती उणीव नोंदवहीने भरून काढता येते.

तज्ज्ञांच्या आणि सरकारच्या ताब्यात गेले म्हणजे सुरक्षित झाले, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागेल. स्लीमनला सापडलेल्या त्या जबलपूरच्या मणक्यांवरूनच १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. भारतातल्या डायनासोर-अभ्यासाचा तो पायाच. त्यांतला एक मणका पुढे दीर्घकाळ बेपत्ता होता. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी तो कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात शोधून काढला. तो होता तिथेच होता, नोंदीतून मात्र निसटला होता. ताबा कोणाचा, या प्रश्नाइतकाच नोंद कोणाकडे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याबाबतीत सरकारी कपाटाला आपोआप झुकते माप देता येत नाही.

केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात भू-वारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला, तेव्हा तो वाचणाऱ्याला हीच एकांगी दृष्टी खटकावी अशी होती. अशा कायद्याची गरज आहे, यात शंका नाही. खाणकाम, रस्ते आणि बांधकाम यांच्या रेट्यात महत्त्वाची स्थळे उघड्यावर मोडत आहेत आणि त्यांना स्वतंत्र कायद्याचे संरक्षण नाही. पण मसुद्याचा भर स्थळे जाहीर करणे, ताब्यात घेणे, आणि नुकसान करणाऱ्याला दंड व कैद करणे यावर होता, आणि सगळे अधिकार प्रामुख्याने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटले होते. शेतात हाड सापडलेल्या शेतकऱ्याने काय करावे, त्याने ते आणून दिले तर त्याला काय मिळेल, याला त्यात ठोस जागा नव्हती. याउलट आपला १८७८ चा निखात निधी कायदा पाहा. परक्या राजवटीत झालेला असूनही त्याने जमिनीत पुरलेले धन शोधणाऱ्यावर कलेक्टरला कळवण्याचे बंधन घातले आणि सोबत त्या धनात वाटाही दिला. बंधन आणि मोबदला एकत्र असले पाहिजेत, हे तेव्हाही कळत होते. डेन्मार्कने हेच तत्त्व जीवाश्मांना लावले आहे. तिथल्या कायद्यानुसार विज्ञानाच्या किंवा प्रदर्शनाच्या दृष्टीने असाधारण असलेला जीवाश्म राज्याचा असतो, तो सोपवावाच लागतो, आणि सोपवणाऱ्याला इनाम मिळते. बाकीचे सामान्य जीवाश्म लोकांनी खुशाल आपल्याकडे ठेवावेत. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर, जो २००१ पासून जागतिक वारसा आहे, सैल पडलेले जीवाश्म उचलायला मुभा आहे, कारण न उचलले तर समुद्र त्यांचा भुगा करतो. महत्त्वाचे काही मिळाले तर मात्र त्याची नोंद करावी, असा तिथला संकेत आहे. समुद्राच्या जागी क्रशर ठेवला, की आपल्या खाणींची परिस्थिती नेमकी हीच आहे.

हे आपल्याकडे चालणार नाही, असा तिसरा आक्षेप असतो, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. शेतात मौल्यवान काही निघाले असे सरकारला कळले की जमीन जाईल, ही भीती आपल्या शेतकऱ्याच्या मनात खोल आहे, आणि ती निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. खाणीतल्या रोजंदारीच्या कामगाराला तर काम थांबण्याचीच धास्ती. अशा माणसाला नोंद करा म्हणणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणा म्हणण्यासारखे होईल. म्हणूनच कायद्यात हे शब्दशः लिहिले गेले पाहिजे की, सुटा जीवाश्म कळवल्यामुळे जमीन संपादित होणार नाही. पाहणीसाठी काम थांबवायचे असेल तर ते ठरावीक थोड्या दिवसांपुरते आणि भरपाई देऊन. आणि इनाम फाइलींत न अडकता थेट खात्यात जमा होईल. हे पैसे कुठून यायचे, असे विचारले जाईल. दगडखाणींवर राज्य सरकार स्वामित्वधन घेतेच. त्यातला अल्पसा भाग या कामासाठी बाजूला काढणे हा निव्वळ इच्छेचा प्रश्न आहे.

श्रद्धेचा मुद्दाही इथे येतो, पण तो भांडणाचा होण्याचे कारण नाही. अनेक मराठी घरांच्या देव्हाऱ्यात असलेला शाळिग्राम हा नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा अ‍ॅमोनाइटचा जीवाश्म आहे. म्हणजे जीवाश्म जपणे ही आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि गंमत म्हणजे, गंडकीचा हा पत्ता परंपरेने कधी विसरू दिलेला नाही. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात काकड भैरव म्हणून पुजले जाणारे गोल दगड डायनासोरची अंडी आहेत, असे तज्ज्ञांनी ओळखल्याची बातमी २०२३ मध्ये आली. पूजा चालू होती म्हणून ती अंडी गावात टिकली. देव्हाऱ्यातून कोणाचा देव काढून आणण्याची विज्ञानाला मुळीच गरज नाही. कुठून आला, एवढे सांगितले तरी पुरते.

मग तारकाम करणाऱ्यांनी आणि छंद म्हणून दगड जमवणाऱ्यांनी काय करावे? प्रत्येक दगडासोबत जिल्हा, तालुका, गाव आणि शक्य असेल तर खाण किंवा ओढा लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मोबाइलवर आता अक्षांश-रेखांशही मिळतात. विकताना ती चिठ्ठी दगडाबरोबर द्यावी, लोलकाच्या डबीत घालून द्यावी. जीवाश्म कातळात घट्ट बसलेला असेल तर छिन्नी लावू नये, फोटो काढून जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. हाड, दात, अंडे किंवा पाऊलखूण वाटेल असे काहीही तारेत बांधू नये. आणि विकत घेणाऱ्यांनी पत्ता विचारावा. विक्रेत्याला तो सांगता येत नसेल, तर भारतातला म्हणून दिलेला जीवाश्म घेऊ नये. अकीक घ्यावा, अपोफिलाइट घ्यावा. ते तारेत जीवाश्मांहून अधिक खुलतात, आणि एखाद्या खाण कामगाराच्या हातात चार पैसे जातात. या दगडांनी आजार बरे होतात असे सांगून जे विकतात त्यांच्यापासून मात्र दूर राहावे. त्या बाजारात दगडाचा पत्ता कोणीच विचारत नाही, आणि ज्या गुणांसाठी तो विकला जातो ते गुण त्यात नसतात.

राज्य सरकारला केंद्राच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे, नागपूर विद्यापीठात भूशास्त्राचा जुना विभाग आहे, आणि महाराष्ट्रातले सगळ्यात महत्त्वाचे जीवाश्म-प्रदेश तिथून गाडीच्या टप्प्यात आहेत. पिजदुरा तर आहेच; शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातलेच डोंगरगाव, जिथल्या सांगाड्यावरून आज इसिसॉरस कोल्बर्टाय नावाने ओळखला जाणारा डायनासोर जगाला कळला; आणि गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळचे वडधम, जिथे जीवाश्म उद्यान आहे. या तालुक्यांपासून सुरुवात करावी. तहसील कार्यालयात जीवाश्मांची एक नोंदवही ठेवावी, आणलेला दगड कोणत्या गट क्रमांकातून आला ते आणणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे, महिन्यातून एकदा विद्यापीठाच्या माणसाने येऊन तो पाहावा, आणि असाधारण काही नसेल तर पावतीसह ज्याचा त्याला परत द्यावा. त्याला तो तारेत बांधून विकायचा असेल तर खुशाल विकू द्यावा, पावतीची प्रत सोबत लावून.